खांद्यात बसणारा कोट

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे पूर्वी स्कूटर ठेवायची जागा. आता तिथे एका आडव्या लोखंडी पाइपावर कोट टांगलेले असतात. सगळे जुने, सगळे दुसऱ्यांचे. मी अमरावतीत एका सरकारी कार्यालयात नोकरी करतो, पगार वेळेवर होतो, या कोटांवर घर चालत नाही. तरी जवळपास दर रविवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरतो, अकोल्याच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात दुपारपर्यंत फिरतो आणि एखादा कोट हातावर टाकून परत येतो. माझे सहकारी पत्ते खेळतात, कोणी तलावावर गळ टाकून बसतो. मला हा नाद आहे.

बायको आधी याला सरळ चिंध्या म्हणायची. "अजी, एवढा शिकलेला माणूस अन् भांडेवालीच्या मागं मागं फिरते. लोक काय म्हणत असतीन?" लोक काही म्हणत नव्हते. लोक येऊन कोट घालून पाहत होते.

आमच्याकडे नवरदेव कोट घालतो तो एकदाच. ऐन मे महिन्यात, सावलीतसुद्धा अंग भाजतं अशा दिवसांत, लग्न लागेपर्यंत तो बिचारा त्या कोटात शिजतो. मग कोट कपाटात जातो. पुढे पोट सुटतं, बटण लागत नाही, आणि एक दिवस भांडेवाली दारात येते. तो कोट आणि दोन पँटी देऊन घरातली बाई एक स्टीलचा गंज, म्हणजे उभं पातेलं, नाहीतर परात घेते. तिथून कोट बाजारात, बाजारातून माझ्याकडे. मी तो धुऊन घेतो, उसवलेलं अस्तर शिवतो, बटणं बदलतो, कॉलरवरून ब्रश फिरवतो आणि ज्याचं लग्न जवळ आलं आहे अशा एखाद्या पोराला देतो. गावागावांतून पोरं येतात. भाड्यानं घेण्यापेक्षा हे त्यांना परवडतं आणि कोट घरचा होतो.

या कामात माझा एक नियम होता. कोटाची लांबी कमी करता येते, कंबर आत घेता येते, बाही वरखाली करता येते. खांद्याला हात लावायचा नाही. खांदा उसवला की तो कोट पुन्हा पहिल्यासारखा पडत नाही. म्हणून खांद्यात बसत नसेल तर मी कोट द्यायचोच नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. याचं लोकांना फार कौतुक वाटायचं. "साहेब सच्चा माणूस आहे, नाई बसला तं देतच नाई," असं पोरं एकमेकांना सांगायची. ते माझ्या कानावर यायचं आणि मला ते फार आवडायचं. पुढचं सगळं या आवडण्यातून झालं.

अकोल्याच्या बाजारात एक म्हातारी भांडेवाली बसते. बरीच वर्षं मी तिच्याकडून कपडे घेतो. तिचा एक नेम आहे. मेलेल्या माणसाचे कपडे ती भांड्यावर घेत नाही. "माणूस घरातून गेला अन् त्याच्या बदल्यात गंज आला, असं नाई करू कोणी," ती म्हणते. तसे कपडे कोणी आणलेच तर ती त्यांना परत पाठवते.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ती मला म्हणाली, "भाऊ, एक बाई कोट घेऊन दोनदा आली माह्याकडं. पोराचा आहे. पोरगा गेला तिचा. मी नाई घेतला. तुमी जाऊन पाहा. पण नीट बोलजा."

पत्ता विचारत मी गेलो. एका गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं. बाई माझ्याहून थोडी मोठी, साठीच्या आसपासची. मूळची तेल्हाऱ्याकडची, नवरा गेल्यावर मुलाला घेऊन अकोल्यात आली, एका वसतिगृहात पोळ्या करायची. तो एकुलता एक. एका औषधाच्या दुकानात कामाला लागला होता, लग्न ठरलं होतं. हायवेवर गाडीनं उडवलं.

"तेरवी झाली अन् टेलरचा फोन आला," ती म्हणाली. "त्याले काय माहीत. म्हणे, कोट तयार आहे, घेऊन जा. मी गेली अन् घेऊन आली. दुसरं कोण जाणार होतं?"

ती हे सांगत होती तेव्हा कोट माझ्या हातात होता. गडद निळा. मी अस्तर उलटून पाहिलं. कॉलरखाली हातशिलाईचे टाके होते, एकसारखे, बारीक. असं काम आता कोणी करत नाही. खांदे इतके नेमके कापलेले की हँगरवरसुद्धा कोट कोणीतरी घातल्यासारखा दिसत होता. बाई मुलाच्या शेवटच्या दिवसाबद्दल बोलत होती आणि मी शिवणीवरून अंगठा फिरवत होतो. तिनं ते पाहिलं असणार.

मी किंमत विचारली तर तिनं हात हलवला.

"पैसे नको मले. एक काम करा. लग्नात घालणाऱ्यालेच द्या. एकदा तरी त्या कोटाले मांडवात उभं राहू द्या. अन् ज्याले द्यान त्याले सांगून द्या कोणाचा आहे ते. लपवू नका. दुसऱ्याच्या शुभकार्यात माहं दुःख मले चोरून नाई पाठवाचं."

"सांगीन ताई," मी म्हणालो. "शब्द देतो."

घरी आणला तेव्हा बायकोनं विचारलं, कोणाचा? मी सांगितलं. ती दोन पावलं मागे सरली. मग पुढे येऊन तिनं बाहीवर हात फिरवला आणि म्हणाली, "याले त्या पाइपावर नका लटकवू. वेगळा ठेवा." मी आतल्या खोलीत खुंटीला लावला.

पहिला मुलगा आला तो नांदगाव खंडेश्वरचा. सोबत वडील होते, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. बौद्ध कुटुंब. लग्न गावच्या विहारात होतं आणि मुलाला निळाच कोट हवा होता. पाइपावरचे सगळे कोट पाहून झाल्यावर मी आतून तो आणला आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे आधीच सगळं सांगितलं.

वडिलांनी ऐकून घेतलं. थोडा वेळ ते कोटाकडे पाहत राहिले. "म्हणजे त्या पोरानं घातलाच नाई?"

"नाही."

"वाईट झालं. पण आमाले चालते साहेब. आमच्यात मुहूर्त नाई, पत्रिका नाई, अपशकुन कुठून आणू? त्या माउलीले लग्नाले बोलवा. समोर बसवू तिले."

मुलगा कोट चढवत म्हणाला, "अन् भूत निघालं तं सासऱ्याच्या घरी सोडून देऊ. त्याइच्या घरी जागा लय आहे."

"गप बे," वडील म्हणाले, पण हसू त्यांनाही आवरलं नाही.

मुलगा आरशासमोर उभा राहिला. अंगानं बारीक होता. कोट लांबीला ठीक, कंबरेला थोडा सैल, ते करता आलं असतं. पण खांदे दोन बोटं उतरत होते. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. मुलगा स्वतःला पाहून खूश होता. त्यानं मान वळवून पाठही पाहिली. मला मात्र त्या दोन बोटांशिवाय काही दिसेना.

"नाही बसत," मी म्हणालो. "खांदे उतरतात."

"थोडेसे उतरते तं उतरू द्या," वडील म्हणाले. "माहे तं रिटायर झाल्यापासून उतरलेलेच आहेत. आमच्या गावात टेलर आहे, तो करून देते बरोबर."

गावचा टेलर ते खांदे उसवतो आहे, त्याच्या मोठ्या कात्रीनं ती हातशिलाई कापतो आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी कोट त्या मुलाच्या अंगावरून जवळजवळ काढूनच घेतला. दुसरा एक दाखवला. मुलगा म्हणाला, "मले हाच पायजे होता, सर." मी म्हणालो, "माझा नियम आहे, बसत नसेल तर देत नाही." ते दोघं रिकाम्या हातानं गेले. जाताना वडील दारातून म्हणाले, "काई मनात बदललं तं फोन करजा." नंबर देऊन गेले.

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. "काहून नाई दिला? त्याइले तं सगळं चालत होतं."

"खांदे बसत नव्हते."

"कोट त्या पोट्ट्याले घालाचा होता का तुमाले?"

मला राग आला. तुला यातलं कळत नाही, असं काहीतरी मी बोललो. खरं म्हणजे त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो. इतक्या चांगल्या कोटाला मी बिघडू दिलं नाही, असं मला वाटत होतं. त्या बाईनं मांडवात उभा राहू द्या म्हटलं होतं. चांगला दिसू द्या असं ती कुठेच म्हणाली नव्हती. ते माझं होतं.

त्यानंतर आलेल्यांना मी खरं सांगत गेलो आणि ते जात राहिले. एका मुलाच्या आईनं ऐकताक्षणी पर्स उचलली आणि पायऱ्या उतरली. एका मामानं कोट खुर्चीवर ठेवला आणि नळ कुठे आहे विचारून हात धुतले. हळूहळू मी सांगणं पुढे ढकलायला लागलो. आधी बसतो का पाहू, मग सांगू. बसला नाही तर सांगायची गरजच काय?

मग बसला. भातकुलीजवळच्या गावचा मुलगा, शेतकऱ्याच्या घरचा, छातीनं भरलेला. सोबत आई आणि वडील. त्यानं हात बाह्यांत घातले, मी मागून कॉलर सरळ केली आणि मला काहीच करावं लागलं नाही. शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर आली. पाठीवर एक सुरकुती नाही. त्याच्यासाठीच माप घेऊन शिवल्यासारखा.

"कोणाचा होता जी हा?" आईनं विचारलं. हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते.

शब्द तोंडाशी आले होते. मी आरशात पाहत होतो. "अकोल्याचा आहे," मी म्हणालो. "एका मुलाचं लग्न ठरलं होतं. ते झालं नाही. कोट तसाच राहिला."

"मोडलं असंन," ती हळहळत म्हणाली. "आजकाल लय मोडून राहिले."

मी काही बोललो नाही.

"म्हणजे घातलेलाच नाई?" वडील म्हणाले. "मंग तं नवाच झाला!"

त्या न बोलण्याचा हिशोब मी पुढे कितीतरी वेळा स्वतःशी केला आहे. मी खोटं बोललो नाही, असं स्वतःला सांगून पाहिलं. ते टिकत नाही. मुलाची आई मोडलं असेल म्हणाली तेव्हा माझ्या चेहऱ्यावर मी मुद्दाम थोडं दुःख आणलं होतं, मोडलेल्या लग्नाला पुरेल एवढंच.

मुलाचा आरशासमोरचा फोटो काढला आणि अकोल्याला त्या बाईच्या फोनवर पाठवला. तिला कळवणं भाग होतं. पण खरं सांगायचं तर मला तो कोट कोणालातरी दाखवायचा होता. संध्याकाळी तिचा फोन आला.

"लय छान दिसून राहिला जी. माह्या पोराच्याच अंगाचा आहे. सांगतलं ना त्याइले?"

"हो ताई, सांगितलं."

"काई म्हणाले नाई?"

"नाही. चांगले लोक आहेत."

"मंग मी येऊ का लग्नाले? दुरून पाहीन. कोणाले काई त्रास नाई माहा."

नाही म्हणायला कारण लागलं असतं, आणि जे कारण होतं ते सांगता येत नव्हतं. मी "या" म्हणालो. मनात ठरवलं की आपण सोबत राहू, लांब उभं राहू, अक्षता पडल्या की तिला गाडीवर बसवून स्टेशनवर सोडू. एवढ्यानं निभेल असं मला खरंच वाटत होतं.

मे महिना होता. ती सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरली. धुऊन इस्त्री केलेली साडी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून नारळाची शेंडी आणि शर्टपीसचा कागद दिसत होता.

"हे कशाला ताई?"

"अहेर नको का? लग्नाले रिकाम्या हातानं जातात का कोणी?"

मी तिला मोटरसायकलवर मागे बसवलं. भातकुलीच्या रस्त्यानं जाताना ती सारखी विचारत होती. मुलगा किती शिकला, शेती किती आहे, मुलगी कुठची. तिच्या घरचंच लग्न असावं तशी. मी तुटक उत्तरं देत होतो. आणखी एकदा, एका लिंबाच्या झाडाखाली पाणी प्यायला थांबलो तेव्हा, सांगून टाकता आलं असतं. तिनं विचारलं, "बरं वाटून नाई राहिलं का भाऊ? तोंड उतरलं तुमचं." मी म्हणालो, ऊन लागलं.

मांडव मुलाच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत घातला होता. चारी कोपऱ्यांत मोठे कूलर घरघरत होते आणि त्यांच्यासमोरच्या खुर्च्या म्हाताऱ्यांनी केव्हाच धरल्या होत्या. नवरदेव मारुतीच्या देवळातून वाजतगाजत आला. घामानं निथळत होता, तरी कोटाचं एकही बटण त्यानं उघडलं नव्हतं. बाईनं माझी बाही धरली.

"भाऊ, खांदे पाहा कसे बसले," ती म्हणाली.

मला तेव्हा आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी कोटाच्या पाठीकडे पाहत होतो.

ऊन चढलं होतं. तिला भोवळ आल्यासारखं झालं म्हणून मी तिला एका खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणायला गेलो. पाण्याच्या टाकीजवळ गर्दी होती. ग्लास भरून परत आलो तर खुर्ची रिकामी होती.

ती पुढे गेली होती. स्टेजच्या पायथ्याशी नवरदेवाला खुर्चीवर बसवलं होतं, बायका टिळा लावत होत्या, अहेर देत होत्या. ती त्या रांगेत उभी राहिली, तिची पाळी आली. तिनं टिळा लावला, नारळ आणि शर्टपीस त्याच्या हातात दिलं. कोण आहे ते न कळताच मुलगा वाकून तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बँडचा आवाज होता, म्हणून ती मोठ्यानं बोलली. मधेच बँड थांबला आणि तिचा आवाज तसाच मोठा राहिला.

"माह्या पोराले नाई घालता आला बावा. तू घातला, लय बरं केलं. तुमी लोकाइनं सगळं ऐकूनही घेतला. देव तुमचं चांगलं करो."

नवरदेवाची आई शेजारीच ताट धरून उभी होती. "काय ऐकून, बाई?"

"कोटाचं. माह्या पोराचा होये ना तो. लग्नाच्या आधी गेला तो माहा."

"गेला म्हणजे?"

बाईनं तिच्याकडे पाहिलं. मग वळून, गर्दीतून मला शोधून, माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास धरून उभा होतो. तिला सगळं तिथेच कळलं.

कोणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला सोपं गेलं असतं. मुलाच्या आत्यानं त्याचा हात धरला आणि त्याला घरात नेलं. थोड्या वेळानं तो बाहेर आला तो पांढऱ्या शर्टात, खांद्यावर उपरणं टाकून. आईनं कोट आपल्या हातानं घडी करून आणला होता. तिनं तो बाईच्या हातात दिला आणि हात जोडले.

"राग नका मानू बाई. तुमच्या पोरासाठी जीव तुटते माहा. पण माहा एकच आहे."

"नाई वं माय," बाई म्हणाली. "बरोबर आहे तुमचं. मी असती तं मी बी हेच केलं असतं."

"जेवून जाजा."

"हो."

मंगलाष्टकं सुरू झाली. बाई मांडवाच्या अगदी कडेला, कनातीला टेकून उभी राहिली. एका हातावर कोट, दुसऱ्या हाताच्या मुठीत अक्षता. प्रत्येक मंगलाष्टकाला तिनं अक्षता टाकल्या. लांब असल्यानं त्या नवरदेवापर्यंत पोचत नव्हत्या. मी तिच्या मागे उभा होतो. माझ्या हातात कोणीतरी दिलेल्या अक्षता होत्या, त्या मी टाकल्या की नाही ते आठवत नाही.

आम्ही जेवलो नाही. गाडी काढत होतो तेव्हा मुलाचे वडील आले. मला वाटलं आता शिव्या पडतील.

"साहेब, तुमी सांगतलं असतं तं आमी नाई म्हटलं असतं," ते म्हणाले. "दुसरा घेतला असता. बस. एवढंच झालं असतं." मग बाईकडे एकदा पाहून आवाज खाली आणून म्हणाले, "तिले असं मांडवातून वापस पाठवाचं पाप आमच्या हातानं कराले लावलं तुमी."

परतीच्या रस्त्याला लागलो. कोट तिनं पोटाशी धरला होता, तिच्या आणि माझ्या पाठीच्या मधे. माझ्या शर्टाला ओल लागत होती.

"वला आहे," एकदा ती स्वतःशीच म्हणाली. "घामानं."

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीला वेळ होता. ती बाकावर बसली, कोट मांडीवर घेऊन. मी उभाच होतो.

"भाऊ, मले खोटं काहून सांगतलं?"

मी सगळं सांगितलं. खरं ऐकून लोक कसे निघून गेले ते सांगितलं. मग थांबता येईना म्हणून नांदगावच्या मुलाचंही सांगितलं, की एक घर तयार होतं, तुम्हाला समोर बसवू म्हणाले होते, आणि मीच दिला नाही.

"काहून?"

"खांदे उतरत होते."

तिला कळलं नाही. "म्हणजे?"

मी समजावू लागलो. खांद्याची शिवण कुठे यायला पाहिजे, ती उसवली की काय होतं, गावचे टेलर कसं काम करतात. हातानं स्वतःच्या खांद्यावर दाखवत होतो. शेजारच्या बाकावरचा एक माणूस ऐकत होता. बोलता बोलता माझा आवाज माझ्याच कानावर पडायला लागला आणि मी मधेच थांबलो.

"किती उतरत होते?" तिनं विचारलं.

"दोन बोटं."

ती त्या कोटाच्या खांद्यावर आपली दोन बोटं ठेवून पाहत बसली. मग गाडी आली. मी पिशवी धरायला पुढे झालो तर तिनं ती आपल्याकडे ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी नांदगावला फोन लावला. का लावला ते मला नीट सांगता येणार नाही. कोट आता माझ्याकडे नव्हताच. वडिलांनी आवाज लगेच ओळखला. "झालं साहेब लग्न. मस्त झालं. कोट भाड्यानं आणला." मग हसून म्हणाले, "तो बी ढिलाच होता."

त्यानंतर कित्येक महिने मी अकोल्याला गेलो नाही. पुढच्या खोलीत येणाऱ्या पोरांना आता मी कोट दाखवण्याआधीच तो कुठून आला, कोणाचा, जेवढं ठाऊक असेल तेवढं सांगतो. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणतो. काही घेतात, काही जातात. खांद्यांबद्दल मी बोलणं सोडलं आहे. बायकोच्या हे लक्षात आलं आहे.

गेल्या हिवाळ्यात शेवटी गेलो. बाजारात गेलो नाही, सरळ त्या गल्लीत गेलो. सकाळ होती, धुकं नुकतंच उठत होतं. गल्लीला बऱ्याच दिवसांनी नळ आला होता आणि बायकांची लगबग चालू होती. जिथे तिथे ड्रम, बादल्या, पाइप. ती नळापाशी वाकली होती. साडीवर तो निळा कोट घातला होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कोपराला एके ठिकाणी पीठ वाळून चिकटलं होतं. खिशातून कसलीशी चिंधी बाहेर आली होती, बहुतेक हात पुसायची.

तिनं मला पाहिलं. आत या म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही.

"थंडी लय आहे औंदा," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. काय बोलायचं ते गाडीत बसून ठरवलं होतं, पण तोवर माझी नजर तिच्या खांद्यांवर गेली होती. कोट तिला फार मोठा होता, शिवणी दंडावर आल्या होत्या, निम्म्या दंडापर्यंत. सगळ्यात आधी मला तेच दिसलं. इतकं होऊनही तेच.

"काय पायता?" तिनं विचारलं.

काही नाही म्हणणार होतो. तेही खोटंच झालं असतं.

"खांदे उतरलेत, ताई."

तिनं मान वळवून आधी एका खांद्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या.

"उतरू द्या," ती म्हणाली. "मले काय मांडवात उभं राहाचं आहे का? धरा ती बाल्टी, पाणी जाईन."

मी बादली धरली. भरली तशी ती घेऊन तिच्या मागून घरात गेलो, ड्रममध्ये ओतली, आणि दुसरी घेऊन परत नळावर आलो.